शेंबड्या नाकाच्या पुढे

उयाराक पंधरा वर्षांची होती आणि तिचा सख्खा मामा तिला बाबा म्हणायचा. ती जन्मायच्या जरा आधी आजोबा, म्हणजे मामाचे वडील, गेले, त्यांचं नाव तिला मिळालं, मग ईपीलीमामासाठी ती बाबाच. "बाबा, सिगारेट ओढू का?" असं तो भर दुकानात विचारी आणि ती कमरेवर हात ठेवून नाही म्हणे. सगळं दुकान हसायचं. पण बर्फावरच्या वाटेचं विचारताना मामा हसत नसे. म्हाताऱ्या उयाराकइतका ध्रुवाकडच्या या गोठणाऱ्या उपसागरातला बर्फ कुणालाच कळला नव्हता, आणि नाव आलं म्हणजे थोडी जाणही आलीच, असं गावात सगळे धरून चालत.

त्या वसंतात तर ती हवेतच होती. शाळेत तिने उपसागराचा भिंतभर नकाशा काढला होता. छापील नकाशावर सगळी नावं परक्यांची. फार पूर्वी दोन जहाजं घेऊन एक कप्तान पलीकडच्या समुद्राची वाट शोधत इथे शिरला, पुढे वाटच नाही हे कळेपर्यंत बर्फाने त्याला धरून ठेवलं, आणि गावाने दिलेल्या सीलच्या मांसावर हिवाळा काढून जाताना त्याने उपसागराला नाव दिलं ते जहाजांचा खर्च करणाऱ्या लॉर्ड पेनवर्दीचं. लॉर्डसाहेबांनी हे पाणी जन्मात पाहिलं नाही. उयाराकने मात्र म्हाताऱ्यांच्या घरोघरी चहा ढोसून खरी नावं गोळा केली. दोघी विधवा. सील दम घेतात ती जागा. उपसागराच्या तोंडाशी जुना बर्फ नावाची जागा, आणि त्याच्याही पुढचं शेवटचं टोक, शेंबडं नाक.

"शाळेच्या भिंतीवर शेंबडं नाक?" आई म्हणाली होती.

"लॉर्डसाहेबांपेक्षा बरं. कड्यावरून पाणी गळतं एवढं तरी समजतं."

मे महिन्यात मामा बर्फ संपून उघडं पाणी लागतं त्या कडेला शिकारीला निघाला. स्लेजची दोरी आवळत त्याने विचारलं, "काय बाबा, काठाने वळसा घालू की जुन्या बर्फावरून सरळ जाऊ?"

"नावच सांगतंय की. तिथला बर्फ उन्हाळ्यातही जागचा हलत नाही. सरळ जा."

"बाबांनी सांगितलं म्हणजे झालं," म्हणत त्याने स्नोमोबाइल सुरू केली.

दुपारी जमिनीकडून वारा सुटला. आई बॅनकची जाड रोटी तव्यावर उलटत होती, तेवढ्यात फडताळावरच्या रेडिओत मामा बोलला. "अक्का, माझी वाट बघू नका. जुना बर्फ तुटून समुद्रात निघालाय. मी त्याच्यावर आहे."

"थट्टा पुरे," आई म्हणाली.

"अगं, फट वाढतेय. पलीकडे उडी मारता येत नाही आता."

बॅनक करपली. ती उतरवायचं कुणाला सुचलं नाही.

सगळं गाव किनाऱ्यावर आलं आणि उभं राहिलं. दुसरं करणार काय? काठाचा बर्फ होडी घालायला जाड आणि स्लेजला पातळ. पलीकडच्या गावाहून विमान निघालं, पण समुद्रावर धुकं बसलं होतं. विमान डोक्यावर घरघरत फिरलं, कुणाला दिसलं नाही, त्यालाही कुणी दिसलं नाही, आणि ते परत गेलं.

उयाराक रेडिओ हातात धरून घरातच बसली होती. गेल्या हिवाळ्यात बर्फ उशिरा धरला होता, म्हणून कच्चा होता, हे तिला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. तरी नाव ते नाव.

"बाबा," रेडिओ खरखरला. "डाव्या हाताला पाणी गळणारा कडा दिसतोय."

"शेंबडं नाक." तिने बटण दाबलं. "तिथे उतरता येतं का?"

"लांब आहे. जातंय मागे... गेलं. आता उजवीकडे काळा उंचवटा आहे, मध्ये खाच. काय म्हणायचे तुम्ही त्याला? तिथे पाण्याची ओढ कुठे जाते?"

शाळेतल्या नकाशासाठी खुणा केलेला छापील नकाशा तिने धुंडाळला. शेंबड्या नाकाच्या पुढे म्हाताऱ्यांपैकी कुणीच नाव सांगितलं नव्हतं. तिथे फक्त छापील नाव होतं.

"केप कॅरोलाइन," ती म्हणाली.

"म्हणजे काय?"

"कुणाची तरी बायको असेल."

मामा हसला, मग खोकला. "बाईंना ओढीचं काही ठाऊक दिसत नाही."

"मामा, मी बाबा नाहीये. मला काही कळत नाही. मी उगाच सांगितलं."

मग तो हळूच म्हणाला, "आज तरी बाबा राहा. इथे कुणीतरी लागतंय."

तिने आईकडे पाहिलं. आईने तोंडावर हातरुमाल दाबला होता.

"बरं," उयाराक म्हणाली. "बसू नकोस. चालत राहा. हातमोजे काढलेस तर बघ."

"हो बाबा."

"चहा आहे?"

"संपला आत्ताच. लिहून ठेवा तुमच्या नकाशावर, ईपीलीचा चहा संपला ती जागा."

त्यानंतर त्याच्या रेडिओची बॅटरी गेली. ती बटण दाबून बोलत राहिली, चाल, बसू नकोस, हातमोजे.

धुकं विरलं तेव्हा विमानाला बर्फाचा एक तुकडा सापडला. त्यावर स्लेज होती, उपडी किटली होती. माणूस नव्हता.

पुरुष मंडळी किनारा धुंडाळायला निघाली. आजोबांचा जुना सोबती कुब्लू स्लेजवर बसता बसता सवयीने तिच्याकडे वळला. "उयाराक, कुठून जाऊ आम्ही?"

सगळे थांबून तिच्या तोंडाकडे बघत राहिले. "काठाने," ती म्हणाली, "आणि नाकाच्या पुढचं मला ठाऊक नाही, तुम्हीच बघून सांगा."