बाराव्या फेरीची रोपं

"ही आपल्या जातीची नाहीतच. कुणीतरी बाटल्या बदलल्यात," साहेब म्हणाले. टेबलावर केळीची चार रोपं होती, बुटकी, पानांवर पांढुरके पट्टे उमटलेली. गिऱ्हाइकांनी परत पाठवलेली.

थोरलीच्या डोक्यात एकच नाव आलं, धाकट्या जावेचं. दोघी एका घरातल्या आणि या टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळेत शेजारशेजारी बसून बाटल्यांतले कोंब कापणाऱ्या. थोरलीला कामावर नऊ वर्षं झालेली, धाकटीला जेमतेम दीड. हल्ली थोरली जवळ गेली की धाकटी फोन ठेवून द्यायची. घरीसुद्धा दार लावून बोलायची. पाणी कुठंतरी मुरत होतं.

"नाव नाही घेत साहेब, पण माझ्या शेजारच्या टेबलावर जरा लक्ष असू द्या."

दुसऱ्याच दिवशी धाकटीला घरी बसवलं.

"ताई, तुम्ही काही बोललात का हो?" रात्रीची भांडी आवरताना तिने विचारलं.

"मी कशाला बोलू? आणि तू फोनवर कुणाशी कुजबुजत असतेस गं?"

"आईशी. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे. माहेरचं रडगाणं इथे कशाला, म्हणून..."

थोरलीला ते पटलं नाही. इतकं सरळ उत्तर तयार ठेवलं होतं म्हणजे काहीतरी असणारच.

आठवड्याने तपासणीच्या बाई आल्या. त्यांनी पानांचे नमुने नेले, नोंदवही चाळली आणि चार दिवसांनी निकाल सांगितला. "जात तीच आहे. बाटल्या कुणीच बदलल्या नाहीत. एकाच कोंबाचे तुकडे, ते वाढले की पुन्हा त्यांचे तुकडे, अशा बारा-बारा फेऱ्या तुम्ही कापत गेलात. आठाच्या पुढे जायचंच नसतं. रोप आतूनच बदलत जातं मग. कापणाऱ्या हाताचा काय दोष?"

"पण कुठल्या टेबलावरची ही?" थोरलीने घाईने विचारलं.

"दोन्ही टेबलांवरची. त्यातली तीन तुमच्याकडची."

फेऱ्या वाढवायला साहेबांनीच सांगितलं होतं. त्यांनी नोंदवही मिटून खणात टाकली.

घरी आल्यावर थोरली म्हणाली, "साहेबांनी बोलावलंय तुला. उद्यापासून ये."

"येते. पण तुमच्या शेजारचं टेबल नको. मला बाटल्या धुवायला ठेवा म्हणावं साहेबांना."

"वेडी आहेस का? तुझा हात बसलाय आता."



दुसऱ्या दिवशी दुपारी थोरली धुण्याच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. चारपाच बायका हौदाशी वाकल्या होत्या. धाकटीने ओले हात पदराला पुसले आणि सगळ्यांसमोर अदबीने विचारलं,

"किती बाटल्या देऊ, मॅडम?"