डावीकडचा चेंडू

वरणगावच्या आयुध कारखान्यात झुलाल तायडे फिटर होता. कारखान्याच्या क्लबात टेबल टेनिसचं टेबल होतं, त्यावर साहेब लोक फक्त रविवारी खेळत. बाकी दिवशी झुलालची मुलगी मंजुळा तिथं खेळू लागली. वस्तीतल्या बाया नाकं मुरडायच्या. पोरांबरोबर खेळते, हिला पदरात कोण घेणार? झुलाल तिला एवढंच म्हणायचा, "तू खेय माय. लोकायले बोलू दे."

धुळ्याची लता बोरसे तिला पहिल्यांदा भेटली ती समोरची खेळाडू म्हणून. जळगावच्या स्पर्धेत लतानं तिला सरळ हरवलं आणि बाहेर येऊन म्हणाली, "तू चेंडू इतका कापतेस की माझं मनगट भरून आलं. चल, उसाचा रस पिऊ." त्र्याऐंशी साली रेल्वेनं दोघींना खेळाडू म्हणून भुसावळला नोकरी दिली आणि दुहेरीत जोडी लावली. लता टेबलाला चिकटून मारायची, मंजुळा मागे सरून चेंडूला उलटी फिरकी देत कापायची. दुहेरीत दोघींनी आळीपाळीनंच मारायचं असतं. एकीनं मारलं की बाजूला व्हायचं, दुसरीला वाट द्यायची. त्या दोघींना ते कधी शिकवावं लागलं नाही.

वर्षं गेली. कलकत्ता, बंगलोर, इंदूर. लताचं लग्न झालं. नवरा रुपचंद बँकेत होता, त्याला बायकोच्या खेळाचा अभिमान होता. मंजुळाला स्थळं आली, पण प्रत्येकाला तिनं खेळ सोडायला हवा होता. नंतर स्थळं येईनाशी झाली.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात ऑफिसात चहा ओतताना लताचा चहा कपाबाहेर बशीत पडला. ती हसली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच झालं. मग मंजुळाच्या लक्षात आलं की डावीकडून येणाऱ्या चेंडूला लताची बॅट उशिरा पोचते. लता काही बोलली नाही. मंजुळानं विचारलं नाही.

पण तिनं आपला खेळ बदलला. मारण्याजोगा चेंडूही ती मारेना. खोल, जड कापायची, म्हणजे समोरच्यांना चेंडू उचलावा लागेल आणि तो लताकडे संथ, उजवीकडे येईल. लोक म्हणू लागले, तायडेचा खेळ उतरला. प्रशिक्षक जीवराम सरांनी तिला बोलावलं.

"राष्ट्रीय स्पर्धेला तुला नव्या मुलीबरोबर खेळवतो. लताचं काही खरं नाही आता."

"लता नसेल तर मीही नाही, सर."

"तुझी शेवटची संधी आहे ही."

"माहीत आहे."

ही गोष्ट लताच्या कानावर कशी गेली कोण जाणे. चौऱ्याण्णवची राज्य स्पर्धा धुळ्याला होती. उपांत्य सामन्याला लताचे आईवडील, शेजारीपाजारी सगळे आले होते. समोरच्या मुली तरुण होत्या. त्यांनी थोड्याच वेळात हेरलं आणि लताच्या डावीकडेच मारा लावला. एक चेंडू तर तिच्या बॅटशेजारून गेला आणि ती हवेत मारून तशीच उभी राहिली. गॅलरीत कुणीतरी हसलं.

हरल्यावर कपडे बदलायच्या खोलीत लतानं दार लावून घेतलं.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"गेल्या उन्हाळ्यापासून. पण तू तरी मला कुठं सांगितलंस?"

"माझा डोळा, मी सांगेन नाहीतर नाही! तू वर्षभर मला लहान पोरीसारखं खेळवलंस. वर माझ्यासाठी राष्ट्रीय स्पर्धाही सोडलीस. मी मागितलं होतं?"

लतानं पिशवी उचलली आणि निघून गेली.

तिनं खेळ सोडला. रुपचंदनं धुळ्याला बदली करून घेतली, तीही नोकरी सोडून त्याच्याबरोबर गेली. मंजुळा एकदा धुळ्याला तिच्या घरी गेली. लताच्या आईनं दार अर्धंच उघडलं. "लता घर नही शे, बेटी." आतून लताच्या खोकल्याचा आवाज आला. दोघींनी तो ऐकला. म्हातारीनं मान खाली घातली.

मंजुळा आणखी दोन वर्षं खेळली, वेगवेगळ्या मुलींबरोबर. मग तिनंही थांबवलं.

सत्त्याण्णव साली झुलाल गेला. जलदान विधीला वरणगावात माणसं जमली होती. बुद्धवंदना संपल्यावर रुपचंद लताचा हात धरून आत आला. तिला मंजुळाशेजारी बसवून तो बाहेर थांबला.

"डोळे?" मंजुळानं विचारलं.

"उजवाही चाललाय. माणसं दिसतात, चेहरे दिसत नाहीत." मग तिनं विचारलं, "खेळतेस अजून?"

"सोडलं."

"गुडघे?"

"गुडघे चांगले आहेत."

लता म्हणाली, "दुसरीबरोबर खेळून तू मला हरवलं असतंस तर चाललं असतं. माझ्यासाठी तू वाईट खेळलीस, ते सहन झालं नाही."

"मला दुसऱ्या कुणाबरोबर खेळायचं नव्हतं. एवढंच होतं."

"मग तेव्हा हे बोलायचं होतंस, मंजे."

"दार कुठं उघडलंस तू?"

लता रडू लागली. बापासाठी दिवसभर न रडलेली मंजुळाही तेव्हा रडली. जमलेल्या बायांना वाटलं, आत्ता कुठं हिला बापाचं दुःख फुटलं.

त्यानंतर मंजुळा अधूनमधून धुळ्याला जायची. लता ओट्यावर बसलेली असायची. भाजीचे भाव, रुपचंदची सांधेदुखी, शेजारणीची सून, असं बोलणं व्हायचं. एके काळी त्या दोघी खेळाशिवाय दुसरं बोलतच नसत. आता तो विषय दोघींपैकी कुणीच काढायचं नाही.