मिस व्हर्लीनकडची भांडी

माझा नवरा रॉइस कॉलेजात अमेरिकेचा इतिहास शिकवतो आणि दर रविवारी गावच्या पेपरात लेख लिहितो. शिकवण्यापेक्षा लिहिण्यातच त्याचा जीव जास्त. सोमवारी सामान आणायला गेला की दुकानात उगाच घुटमळत राहतो, कुणीतरी "प्रोफेसर, काय लिहिलंत हो!" म्हणावं म्हणून. मी त्याला यावरून चिडवते, पण प्रत्येक लेख आधी मीच वाचते. हाही मीच वाचला. डोळे पुसले आणि म्हणाले, "आजवरचा सगळ्यात चांगला." जे विचारायला हवं होतं ते विचारायचं मला सुचलंच नाही.

लेख आमच्या गावच्या जुन्या पोहण्याच्या तलावावर होता. तो फक्त गोऱ्यांसाठी असायचा. पुढे सगळ्यांना आत घ्यायची वेळ आली, तेव्हा गावाने तो मातीने बुजवला. आता तिथे गाड्या उभ्या असतात. रॉइसच्या वर्गातल्या रेनिटा गेदर्स या काळ्या मुलीने आपल्या आजीची हकिगत सांगितली होती. आजी लहान होती. उन्हाने हैराण होऊन एके दिवशी ती सरळ त्या पाण्यात उतरली. आरडाओरडा झाला, सगळी गोरी मुलं बाहेर काढली गेली, पाणी बाटलं म्हणून सोडून द्यायला सुरुवात झाली. तेवढ्यात तिची आई धावत आली आणि काठावर, सगळ्यांच्या देखत, तिने पोरीला बदडलं. मारत मारतच घरी नेलं. रॉइसने हे सगळं आजीच्या नावासकट लिहिलं.

आजी म्हणजे मिस व्हर्लीन; नातवंडं झाली तरी गाव त्यांना मिसच म्हणतं. आमच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्या समोरून आल्या की पन्नाशीची माणसंसुद्धा शर्ट नीट खोचतात.

बुधवारी त्यांचा फोन आला. "प्रोफेसर, या. बायकोलाही आणा. आणि मोठी गाडी आणा."

स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि पाहतच राहिले. टेबलावर, ओट्यावर, खुर्च्यांवर काचेची भांडी. चीज घालून भाजलेली मॅकरोनी, कोंबडी आणि भात, रताळी असलं काय काय त्यांतून आलेलं असणार. आता सगळी घासून पुसून पालथी घातली होती. प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टी आणि तिच्यावर मालकिणीचं नाव. आमच्याकडे असं खाणं दारात आपोआप येतं ते घरात मयत झाल्यावर.

"कोण गेलं माझ्या घरातलं?" मिस व्हर्लीननी विचारलं. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं नाही.

"लोकांना वाईट वाटलं," रॉइस म्हणाला. "काहीतरी करावंसं वाटलं त्यांना."

"अस्सं. आणि रविवारी चर्चच्या पायरीवर एक बाई माझा हात धरून म्हणाली, 'तुमची आई किती हो कठोर!' माझी आई! अहो, तिने हात उचलला नसता तर तिथल्या गोऱ्या बाप्यांनी उचलला असता. घरी आल्यावर माझे पाय मांडीवर घेऊन रात्रभर रडली ती. हे मी रेनिटालाही सांगितलं नव्हतं. आता मेलेल्या आईची वकिली करत गावभर फिरू का मी?"

"मला वाटलं, रेनिटाने वर्गात सांगितलं म्हणजे..."

"पोरीने तुमच्या वर्गात सांगितलं. गावाला नाही. फोन आहे ना तुमच्याकडे?"

"आहे."

"माझा नंबर?"

रॉइसची मान खाली गेली. "आहे."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. नंबर आमच्या फ्रिजच्या दारावरच लावलेला होता.

"खाणं मी चर्चमध्ये पाठवून दिलं," त्या म्हणाल्या. "भांडी तुमच्यामुळे आली, तुम्हीच परत करा. प्रत्येक दारात सांगा, 'मी तिला न विचारता लिहिलं.' एवढंच. भाषण नको."

पहिलं दार डॉटी क्रेनचं. मी गाडीतच बसले, मांडीवर भांड्यांची चळत. काच खाली होती, सगळं ऐकू येत होतं.

"अगं बाई, प्रोफेसर!" डॉटी म्हणाली. "काय लिहिलंत हो! मी तर दोनदा रडले. आवडलं का त्यांना मी पाठवलेलं खाणं?"

रॉइसने तोंड उघडलं.

"फार आवडलं," तो म्हणाला. "तुमचे आभार मानलेत त्यांनी."

गाडीत येऊन त्याने पट्टा लावला. मी पुढच्या भांड्यावरचं नाव वाचून दाखवलं. पुढच्या दारात तेच झालं. त्याच्या पुढच्या दारात तर त्याने तलावाबद्दल दोन वाक्यं वर जोडली, आणि त्या बाईने त्याला मिठी मारली. इतका संताप आला मला, की भांडं त्याच्या डोक्यात घालावं. पण दर वेळी पुढचं भांडं काढून त्याच्या हातात मीच देत होते.

चौथ्या दाराकडे वळताना त्याचा फोन वाजला. गाडी चालवत होता म्हणून त्याने आवाज मोठा करून ठेवला.

"डॉटीचा फोन होता," मिस व्हर्लीन म्हणाल्या. "म्हणे, आभार कसले मानता. मी कशाचे आभार मानले, प्रोफेसर?"

रॉइसने गाडी कडेला घेतली. कान लालबुंद झाले होते त्याचे.

"मी फोन ठेवलेला नाही," तिकडून आवाज आला.

रॉइसने गाडी उलटी वळवली. डॉटीच्या दाराशी या वेळी मीही उतरले. डॉटीने दार उघडलं, आमचे रिकामे हात पाहिले आणि हसली. "काही विसरलात का?"

"मी तुम्हाला खोटं सांगितलं," रॉइस पुटपुटला. "त्यांनी आभार मानले नाहीत. मी त्यांना न विचारता लिहिलं."

"मी आधी वाचलं होतं," मी म्हणाले. "मीही विचारलं नाही."

डॉटीचं हसू मावळलं. रॉइसच्या मुठीतला फोन चालूच होता.

"मोठ्याने, प्रोफेसर," मिस व्हर्लीन म्हणाल्या. "मला ऐकू आलं नाही."