शोझोच्या बोटाएवढी माती

पेरलेल्या भातावर किती माती घालायची, हे शोझो मरेपर्यंत एकाच मापाने सांगत आला. "एक आडवं बोट." तो गेल्यानंतरच्या पहिल्याच पेरणीला त्याच्या बायकोने, किनुएने, तेच माप धरलं, रोपांचे एकशेऐंशी ट्रे भरले, उबेच्या अंधाऱ्या खोलीत त्यांच्या थप्प्या रचल्या आणि कमरेला पट्टा आवळून आडवी झाली. शोझोचं ते बोट तरुणपणीच मळणीयंत्रात सापडून वाळवलेल्या माकूळ माशासारखं चपटं झालं होतं. चाळीस वर्षं त्या बोटाने दाखवलेल्या वाटेने चालूनही माप त्या चपट्या बोटाचं होतं, हे तिच्या ध्यानात आलं नाही. तिचं स्वतःचं बोट चांगलं गुबगुबीत होतं.

तिसऱ्या दिवशी गावभर कोंब वर आले. किनुएकडे पाचव्या दिवशीही नुसती काळी माती, वरून घट्ट बसलेली.

"वहिनी, मातीचं पीक मात्र जोरात आलंय हो!" तोकुजी दारातून म्हणाला. हा शोझोचा धाकटा भाऊ, गावाच्या सामायिक शेतीगटाचा प्रमुख. किनुएची चार खाचरं गटात ओढायची त्याला केव्हाची घाई. एकदा गटात गेलेलं खाचर परत आल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. शेवटी दोघांचं ठरलं होतं की तिने स्वतःची रोपं उगवून दाखवावीत, नाहीतर खाचरं गटाला देण्याच्या कागदावर शिक्का मारावा.

"रविवारी येतो, कागद घेऊन."

"या की. येताना तोंड धुऊन या, भाऊजी."

तोकुजी गेला आणि किनुएचं अवसान गळालं. खाचरं गेली तर सकाळी उठून करायचं काय, हे तिला खरोखरच सुचत नव्हतं. ती पितरांच्या देव्हाऱ्यापुढे बसली. फोटोतला शोझो मजेत हसत होता आणि त्याच्यापुढे तिच्या बहिणीने उत्तरेहून पाठवलेल्या परडीतली सफरचंदं सुरकुतून घमघमत होती.

"बसल्या जागी खातोयस आयतं! बायको इकडे मरतेय अन् तुला फळं!"

तिने फोटो काखेत मारला, परडी उचलली, तरातरा उबेच्या खोलीत गेली आणि थप्प्यांच्या मधोमध ठेवून दिलं. "आता इथेच राहा. कोंब आले तरच घरात घेईन." दार लावून घेतलं. शेजारणीने हे ऐकलं तेव्हा तिच्या हातातला मुळा खाली पडला, पण किनुएला त्याचं काही वाटलं नाही.

शनिवारी कृषी खात्याच्या आसाकोबाई आल्या. किनुएने भीत भीत दार उघडलं. ट्रेमधली माती पापुद्र्यांनी वर उचलली गेली होती आणि खाली पांढऱ्या कोंबांची दाटी झाली होती. किनुए रडायलाच लागली.

"काकू, ही सफरचंदं कुणी ठेवली?"

"यांना शिक्षा केलीय." किनुएने फोटोकडे बोट दाखवलं.

आसाकोबाई पोट धरधरून हसल्या. मग म्हणाल्या, "पिकलेल्या फळातून एक वायू सुटतो, इथिलीन. मातीखाली दबलेलं बी तोच वायू स्वतःही बनवतं. तो साचला की अंधारातल्या कोंबाला कळतं, वर ओझं आहे, लांब हो, ढकल. तुमच्या बियांनी आपल्या जिवावर किती ढकललं आणि सफरचंदांनी किती हात दिला, ते मला सांगता यायचं नाही. पण आता फळं बाहेर काढा, नाहीतर रोपं नुसतीच लंबूटांग होतील. आणि हळूहळू पाणी घालून माती खाली बसवा."

"म्हणजे यांनी काहीच केलं नाही?"

"फोटोतून वायू येत नाही, काकू."

निदान त्याचे उपकार तरी मानायला नकोत; किनुएला त्यातल्या त्यात हेच बरं वाटलं.

रविवारी तोकुजी कागद घेऊन आला. खोलीत डोकावला आणि त्याने लगेच हात जोडले. "दादाचीच कृपा!"

"दादाची कसली? बियांची. कागद ठेवा बाजूला, झारी उचला. एकशेऐंशी आहेत."

का कोण जाणे, त्याने झारी उचलली. दुपारपर्यंत दोघं वाकून पाणी घालत होते. माती विरघळून खाली बसत होती आणि एकेक कोंब मोकळा होत होता. साठाव्या ट्रेपाशी तोकुजी कण्हत उभा राहिला.

"वहिनी, पुढच्या वर्षी माती जरा पातळ घाला हो. माझी कंबर काही तुमच्या बापाची नाही."

किनुएची झारी थांबली. 'पुढच्या वर्षी' म्हणून आपण काय कबूल करून बसलो, हे तोकुजीला अजून कळलं नव्हतं. तो पुढचा ट्रे ओढत होता.

"घालीन," ती म्हणाली, "पुढच्या वर्षी."