दहावी सोंगटी

मित्रांनो, मी एक जुना कॅरम बोर्ड आहे. पण माझ्यावर कॅरम तसा थोडाच खेळला गेला. माझ्या अंगावर झाले ते फुटबॉलचे सामने, आणि त्यांतले बहुतेक हरलेले.

माझा जन्म सांगलीचा. प्लायवुडचे अंग, बाभळीची चौकट, चार कोपऱ्यांत चार जाळ्या. पुढे कोल्हापूरच्या एका दुकानात मी सहा महिने भिंतीला टेकून काढले आणि यतीनच्या वडिलांनी मला घरी नेले. कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमी फुटबॉलसाठी इरेला पेटतात, आणि यतीन त्याच हवेत वाढलेला. २००२ साली तो नोकरीसाठी अमेरिकेला निघाला, तेव्हा मीही सोलापुरी चादरीत गुंडाळला जाऊन विमानात चढलो. बोरिक पावडरची पुडी मात्र वडिलांनी ऐन वेळी काढून घेतली. आदल्याच वर्षी तिथे टपालातून जंतूंची पावडर आली होती; त्या दिवसांत पांढऱ्या पुडीकडे अमेरिकेत कोणी सरळ नजरेने बघत नव्हते.

तिथल्या पार्सिपनी गावातल्या अपार्टमेंटमध्ये यतीन, त्याची बायको कादंबरी आणि मी असा संसार सुरू झाला. यतीन एका कंपनीत टेस्टर होता, म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधण्याचा त्याला पगार मिळे. एक दिवस लाँड्रीच्या खोलीतल्या फळ्यावर त्याला ‘मिलब्रुक रोव्हर्स’ या फुटबॉल संघाचा कागद दिसला. तिथे या खेळाला सॉकर म्हणतात आणि फारसे विचारत नाहीत. रोव्हर्सना तर त्यातही कोणी विचारत नव्हते. शाळेचे मैदान, ॲल्युमिनियमचे बाक, प्रेक्षक दोन-अडीचशे. पहिल्याच सामन्यात रोव्हर्स चार-शून्य हरले आणि यतीन उड्या मारत घरी आला.

“कादंबरी, आपली टीम घावली बघ!”

“हरलेली?” कादंबरीने विचारले.

“हरू दे की. खेळत्यात मनापासून!”

तेव्हापासून माझे कामाचे दिवस सुरू झाले. शनिवारी सामना व्हायचा आणि रविवारी दुपारी चहा घेऊन यतीन माझ्यासमोर बसायचा. शेजारचा अनिल, मूळचा नागपूरचा, पोह्यांची बशी घेऊन यायचा. पांढऱ्या सोंगट्या म्हणजे रोव्हर्स, काळ्या म्हणजे समोरचा संघ, लाल राणी म्हणजे चेंडू. मग पडलेला प्रत्येक गोल माझ्यावर पुन्हा पडायचा. मी मैदान कधी पाहिले नव्हते, पण रोव्हर्सचा खेळ मला तळहातासारखा ठाऊक झाला. पहिली दोन वर्षे त्यांची एकच युक्ती होती: मागून चेंडू उंच भिरकावायचा आणि पुढच्या ताडमाड गड्याने डोके लावायचे. गड्याचे डोके चांगले होते, पण चेंडू त्याच्यापर्यंत पोचतच नसे. २००५ मध्ये डोनेली नावाचे नवे कोच आले आणि संघ जमिनीवरून खेळू लागला. मागे चार, मध्ये चार, पुढे दोन. मला ही मांडणी आवडली. ती माझ्यावर छान बसायची.

बसायची म्हणजे, जवळजवळ बसायची. कॅरममध्ये पांढऱ्या सोंगट्या नऊ असतात. गोलकीपर आपल्या जागी असतोच, म्हणून यतीन त्याला मांडत नसे. तरी मैदानात दहा जण उरतात. नव्या मांडणीच्या पहिल्या रविवारी गोल उजव्या बाजूने पडला होता, त्यामुळे डावीकडच्या बचावपटूला, म्हणजे लेफ्ट बॅकला, न मांडताही काम भागले. त्या रिकाम्या जागेवर यतीनने चहाचा मग ठेवला. पुढच्या रविवारी तसेच झाले. मग ती सवयच पडली, आणि सवय पडलेली गोष्ट टेस्टरलासुद्धा दिसत नाही.

त्या वर्षी जूनपासून रोव्हर्सवर डावीकडून गोल पडू लागले. रविवारी दोन काळ्या सोंगट्या त्या बाजूने सुसाट सुटायच्या. त्यांना अडवायला तिथे होता फक्त चहाचा मग.

“हा लेफ्ट बॅक काय करून राहिला बे?” अनिल म्हणायचा. “पूर्ण साइड ओपन आहे यार!”

“जाग्यावरच नसतोय तो,” यतीन म्हणायचा. “बघ की, सगळं मोकळं रान!”

मी तिथेच होतो. रान मोकळे का दिसते, हे मला उघड दिसत होते. पण सांगणार कसे?

लेफ्ट बॅकचे नाव टॉड वेलर. तीस-एकतीस वर्षांचा, आठवडाभर लोकांची घरे रंगवणारा. यतीन रोव्हर्सच्या चाहत्यांना दर सोमवारी ईमेल लिहायचा. आकृत्या काढून, बाण दाखवून. लोकांना ते फार आवडे, संघाचा मालकही ते वाचायचा. सलग आठ सोमवार त्यात टॉडच्या नावाने खडे फोडले गेले. मग बाकांवरून आरडाओरडा सुरू झाला. ऐंशी हजारांच्या स्टेडियममध्ये शिव्या गर्दीत विरून जातात. अडीचशे लोकांमध्ये प्रत्येक शब्द खेळाडूला आवाजासकट ओळखता येतो. ऑगस्टमध्ये संघ पुढच्या वर्षीची यादी काढणार होता, आणि यादीत टॉड नसणार हे मालकाने जवळपास ठरवून टाकले होते. त्या वयात वगळलेल्या माणसाला दुसरा संघ बोलावत नाही. यतीनने ही बातमी अनिलला आनंदाने सांगितली.

शेवटून दुसऱ्या सामन्याला कादंबरी पहिल्यांदा गेली. तिला फुटबॉलमधले काही कळत नव्हते. चेंडूच्या मागे डोळे पळवायचा तिला कंटाळा आला, म्हणून ज्याला सगळे ओरडत होते त्याच एका माणसाकडे ती दीड तास बघत राहिली.

रविवारी यतीनने सोंगट्या मांडल्या. कादंबरी मागे उभी राहून बघत होती.

“माझा कुठाय रे?”

“कोण तुझा?”

“तीन नंबरचा. मी काल त्यालाच बघत होते.”

“तो? तो हितं असायला पाहिजे,” यतीनने मगाकडे बोट दाखवले. “पण नसतोय. तीच तर बोंब हाय!”

“नसतो काय? काल अख्खी मॅच तो तिथेच धावत होता. तू त्याला ठेवलंच नाहीयेस.” तिने पांढऱ्या सोंगट्या मोजल्या. “नऊच आहेत. तुझी टीम नऊ जणांची आहे का?”

यतीनने मोजल्या. अनिलने मोजल्या. मग दोघांनी पुन्हा मोजल्या. कादंबरीने चहाचा मग उचलला, शिवणाच्या डब्यातून कोटाचे एक तपकिरी बटण आणले आणि त्या जागी ठेवले.

“आता कर तुझा गोल.”

यतीनने कालचा गोल मांडला. मग त्याच्या आधीचा. मग जुलैतले सगळे. प्रत्येक वेळी तेच दिसले. बटण आपल्या जागेवर होते आणि त्याच्यावर दोन काळ्या सोंगट्या चालून येत होत्या. डावीकडे मधल्या फळीत खेळणारा गडी पुढे निघून जायचा आणि परत यायचाच नाही. एक माणूस प्रत्येक वेळी दोघांना अडवत होता. यतीनने आठवून बघितले: दहातल्या सात वेळा त्याने अडवलेही होते, पण ते कोणी कधी मांडलेच नव्हते.

पोहे गार झाले.

“आयला,” यतीन हळूच म्हणाला, “आपण त्या माणसाला खाल्लं की रे.”

मला इतका आनंद कधी झाला नव्हता, आणि इतकी लाजही कधी वाटली नव्हती.

गुरुवारी संध्याकाळी मी पहिल्यांदा मैदान पाहिले. यतीनने मला गाडीच्या डिकीवर आडवा ठेवला, सराव संपवून निघालेल्या कोच डोनेलींना हाक मारली आणि एकेक गोल मांडून दाखवला. आपली चूकही सांगितली. कोच कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

“मी कडेला उभा असतो,” ते म्हणाले. “पलीकडच्या बाजूचं मला इतकं सरळ दिसत नाही.”

त्यांनी टॉडला बोलावले. त्याच्या हातांवर निळा रंग वाळलेला होता. यतीनने त्याची माफी मागितली. आठ ईमेल मीच लिहिले, म्हणाला. टॉड माझ्यावर वाकला. बटणाला त्याने हातही लावला नाही. मधल्या फळीतली डावीकडची पांढरी सोंगटी त्याने एका बोटाने मागे ओढली आणि बटणाच्या शेजारी आणून ठेवली.

“एवढंच मागत होतो मी,” तो म्हणाला. “पूर्ण सीझनभर.”

शेवटचा सामना एक-एक बरोबरीत सुटला. रोव्हर्सनी खाल्लेला गोल उजवीकडून आला. यतीनने सोमवारी मोठा ईमेल लिहिला, त्यात आकृती एकच होती आणि खाली स्वतःची चूक होती. टॉड यादीत राहिला. तो आणखी एक वर्ष खेळला. त्यानंतर संघच बंद पडला, कारण मालकाला त्यात रस उरला नाही. टॉड ओहायोकडे गेला असे ऐकतो. यतीनने नोकरी बदलली. आता २००८ चालू आहे आणि मी प्लेनोच्या एका मोठ्या घराच्या गॅरेजमध्ये, गवत कापायच्या यंत्रामागे उभा आहे. टेक्सासच्या उन्हाने माझे प्लाय मधोमध फुगले आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल तर त्याला गॅरेजमध्ये उभा करू नका, तो वाकतो. त्याच्यावर ओला कप ठेवू नका. ही विनंती माझ्यासाठी. दुसरी विनंती टॉडसाठी आहे. कोणावर खापर फोडायच्या आधी, आपण त्याला मांडले आहे ना, एवढे बघा. ती एक सोंगटी मिळायला त्याला आठ सामने लागले. आठही माझ्या अंगावर झाले आणि आठही वेळा मला ठाऊक होते. मला बोलता येत नव्हते. तुम्हाला येते.