कोपर आणि तिसरं गाणं

बाळ्या गाण्याच्या कार्यक्रमांचे फोटो काढून पोट भरायचा. भल्याभल्या गायकांचे घामेजलेले चेहरे त्याने टिपले होते, पण त्याची सख्खी ताई एकाही फोटोत धड आली नव्हती. ती ड्रम वाजवायची, म्हणजे सगळ्यांच्या मागे, अंधारात, आणि तोंडापुढे ताटाएवढी झांज. आईने बाहेरच्या खोलीत हौसेने लावलेल्या फोटोत ताई म्हणजे नुसतं कोपर होतं. पाहुण्यांना आई त्याचीच ओळख करून द्यायची.

"या खेपेला तोंड दिसलं नाही, तर मी दुसरा फोटोवाला बघेन," ताईने बजावलं. बोलली हसत, पण तिला लागलं होतं, हे बाळ्याला कळलं.

फोटोवाल्यांना मंचापुढे पहिली तीन गाणी, मग बाहेर, हा नियम. ताईवर झोत पडायचा पाचव्या गाण्यात. नशीबच आडवं, दुसरं काय!

पहिलं गाणं झांजेने खाल्लं. दुसऱ्यात गायक मंचभर नाचला आणि नेमका ताईपुढेच येऊन थांबला. तिसऱ्याच्या शेवटी तो आभार मानायला वाकला आणि पहारेकऱ्याने बाळ्याचा दंड धरला.

ताईने ते पाहिलं. ती वाजवायची थांबलीच नाही.

गायकाने चमकून मागे पाहिलं आणि निमूटपणे पुन्हा मुखडा धरला. परत वाकला, तरी ताई चालूच. शेवटी हात टेकून तो कडेला पाणी प्यायला गेला. दिवेवाल्याला वाटलं, बेत बदलला. त्याने झोत ताईवर टाकला.

"तीन झाली ना, साहेब?" पहारेकरी म्हणाला.

"तुम्हीच ऐका. संपलंय का?"

तो प्रामाणिक माणूस होता. त्याने कान दिला आणि दंड सोडला. "नाही बुवा."

ताईने वाजवता वाजवता कोपरानेच झांज बाजूला सारली. केस कपाळावर, जीभ बाहेर, डोळ्यांत लहानपणीचा वांडपणा. बाळ्याने बटण दाबलं.

घरी ताई फोटोकडे बघतच राहिली. "अशी दिसते मी?"

"अशीच."

तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, तोही तालात. बाळ्याला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

"आई, आता ते कोपर काढू का?"

"कशाला? शेजारी लाव," आई म्हणाली. "आत्ता कुठे पोरगी पुरी होतेय."