झैनोल्ला आगांचं कास्टिंग

थोरामोठ्यांनी केलेलं काम त्यांच्यासमोर मोजायचं नाही, ही करागंदा शहराची रीत. मोजलं म्हणजे त्यांच्या पांढऱ्या दाढीवर थुंकल्यासारखं. असल्या रीतींनी माणसं थोर होतात की नाही देव जाणे, यंत्रं मात्र मोडतात.

म्हाताऱ्या ओतारी झैनोल्ला आगांनी खाणीच्या पंपाचं कास्टिंग, म्हणजे बिडाचा ओतीव सांगाडा, ओतून कारखान्यात आणलं, तेव्हा गुलसिम स्कॅनर घेऊन तयारच होती. संगणकावर चालणाऱ्या नव्या यंत्रावर ते कापून घडवायचा प्रोग्रॅम ती लिहिणार होती. हा पंप नीट उतरला की नवं यंत्र कायमचं तुझ्या हाती, असं मालक सपारबेकनं तिला कबूल केलं होतं. जुन्या यंत्राच्या खडखडाटात उमेदीची वर्षं घालवलेल्या बाईला आणखी काय हवं?

प्रोग्रॅम लिहिण्याआधी संगणकाला कच्च्या मालाचा आकार सांगावा लागतो. साधा ठोकळा असेल तर लांबी-रुंदी दिली की भागतं. कास्टिंगचा वेडावाकडा आकार मात्र आपणच घडवून द्यायचा. तो चुकला तर मेलात, कारण संगणकाला जिथं हवा दिसते तिथून कापायचं टूल बेफाम धावत जातं.

"हे काय चाललंय?" सपारबेक दबक्या आवाजात गुरकावला.

"स्कॅन करते. आहे तस्साच आकार कच्चा माल म्हणून टाकते."

"आगांच्या देखत? अगं, तू पाळण्यात होतीस तेव्हापासून ओततायत ते! त्यांच्या साच्याचं मॉडेल आहे ना संगणकात? तेच टाक."

"अहो, पण..."

"पण नाही न् बिण नाही. माझं नाक कापू नकोस."

दारात घाम पुसत उभे असलेले आगा ते ऐकून हसले. "काय मोजतेस, पोरी? माझा हातच मापाचा आहे!"

गुलसिमनं स्कॅनर पेटीत ठेवला आणि साच्याचं मॉडेल टाकलं. पडद्यावरच्या चाचणीत सगळं कसं छान चाललं, कुठं धडक नाही की काही नाही.

पण धातू नीट भरावा म्हणून आगांनी कास्टिंगच्या आतल्या भिंतीची जाडी दोन बोटं वाढवली होती. आपल्याच मनानं. कुणाला सांगणं म्हणजे कमीपणा ना! खऱ्या यंत्रावर हवेतून जायचं टूल थेट बिडात घुसलं. टूल तुटलं, ते फिरवणारा स्पिंडल वाकला, कास्टिंग भंगारात गेलं.

मग काय, चोर सोडून संन्याशाला फाशी. प्रोग्रॅमवर नाव गुलसिमचं होतं. नवं यंत्र सपारबेकच्या भाच्याकडे गेलं. वर तिलाच हुकूम सुटला, आगांच्या कामाला बट्टा लागलाय, त्यांना घरी बोलावून जेवू घाल.

तिनं घातलं. मेंढीचं मानाचं डोकं आगांपुढं ठेवलं. आगा, सपारबेक आणि त्याचा भाचा, तिघेही पोटभर जेवले. आगा हात पुसत मायेनं म्हणाले, "चुकतं माणूस, पोरी. पण एक शिकून ठेव. मोजल्याबिगर काम सुरू करू नये."

"बरोबर बोललात, आगा," सपारबेकनं मान डोलावली. भाच्यानंही डोलावली.

गुलसिमनं चहाची किटली उचलली. तिकडं पाहुण्याला चहा थोडा थोडाच ओततात, पुन्हा पुन्हा द्यायला मिळावा म्हणून. पेला काठोकाठ भरला तर त्याचा अर्थ एकच, आता उठा. तिनं आगांचा पेला काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी पुढं केला.

आगांचा चेहरा उतरला. सपारबेक दातओठ खात म्हणाला, "जुनं यंत्रही गेलं तुझं आता."

"जाऊ दे," ती म्हणाली आणि त्याचाही पेला भरला.